औषध मारणे



ग्रोटोजवळच्या जास्वंदीला यंदा फुले कमी आली, काही फांद्यांवर पांढरी कीड दिसते, गुलाबाची पाने कुरतडलेली आहेत, असे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मिस्सा झाल्यावर आम्हांला सांगितले. एक आजी तर पायरीवर थांबून म्हणाल्या, "फादर, एकदाचं औषध मारून टाका ना जी." आजींना आम्ही हसून हो-नाही असे काहीतरी बोललो. पण ते काही उत्तर नव्हे. बाग सगळ्या धर्मग्रामाची आहे, तिच्यावरचा खर्च आपल्या दानातून होतो. तेव्हा औषध का मारत नाही याचा हिशेब आपल्याला द्यायला हवा. तो देताना आमची एक चूकही सांगावी लागेल.

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबर, म्हणजे जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी ग्रोटोसमोर माळ व्हायची, आणि नेमकी त्याच दिवसांत जास्वंद कापूस पिंजून टाकल्यासारखी पांढरी झाली. पिठ्या ढेकूण. कळ्या गळू लागल्या, खालची पाने चिकट होऊन काळी पडली. आम्ही मोटारसायकल काढली, एका कृषी केंद्रात गेलो आणि म्हणालो, "जरा कडक काहीतरी द्या." झाडे किती, कशावर मारायचे, हे दुकानदाराने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. बाटलीवर लाल त्रिकोण होता. तो आम्ही पाहिला होता. त्याचा अर्थ आम्हांला ठाऊक नव्हता असे म्हणता आले असते तर बरे वाटले असते.

बागेत काम करणारे आपले काका साठीच्या पुढचे. तोंडाला रुमाल, पायात चप्पल, पाठीवर पंप. माप टोपणाचे, आणि तेही अंदाजाने. आम्ही कचेरीत बसून पत्रे लिहीत होतो. बाराच्या सुमारास बाहेर आलो तर काका निंबाखाली बसलेले, अंग घामाने निथळलेले, तोंडाला लाळ सुटलेली. म्हणाले, "फादर, डोयापुढं धुकं आल्यावानी होऊन राह्यलं जी." मग उलट्या सुरू झाल्या. पुढचे दोन दिवस ते रुग्णालयात होते. डॉक्टरांनी वेळेवर इंजेक्शने दिली, आणि तिसऱ्या दिवशी ते घरी गेले. देवाची कृपा. काकूंनी आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही. रुग्णालयाच्या ओट्यावर बसल्या असताना एवढेच विचारले, "फुलासाठीच होतं ना थे?"

हो, फुलांसाठीच होते. सेमिनरीत आम्ही काही वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, नीतिशास्त्राचे पेपर लिहिले. त्यात या प्रश्नाइतका अवघड प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता.

तेव्हापासून 'औषध' हा शब्द आमच्या कानाला खुपतो. तापाच्या लेकराला आई देते ते औषध, आणि पिकावर मारतो तेही औषध. "औषध मारलं का?" "औषधाला किती खर्च आला?" विषाला विष म्हणणे आपण केव्हा सोडले, कोण जाणे. शब्द बदलला की हात सैल होतो. विष हाताळायचे असते तर माणसाने हातमोजे शोधले असते, पोराला लांब उभे केले असते, उरलेली बाटली कुलपात ठेवली असती. औषध म्हटल्यावर ते देवळीत, ज्वारीच्या कणगीशेजारी, कधी पिण्याच्या माठाजवळसुद्धा ठेवले जाते. आणि आपल्या वऱ्हाडात या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो आपल्याला सांगायला नको. "त्यानं औषध घेतलं" असे कोणी हळू आवाजात म्हटले की समोरचा माणूस पुढे काही विचारत नाही. असे निरोप आम्हांलाही आले आहेत आणि अशा घरांत आम्ही जाऊन बसलो आहोत. रागाच्या, निराशेच्या एका तासात ती बाटली हाताशी नसती, तर तो तास कदाचित निघून गेला असता. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली, विशेषतः १९९५ व १९९८ साली, आणि त्यानंतर तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण पुष्कळच खाली आले. बाटली घराबाहेर ठेवल्याने दुःख संपत नाही, पण जीव वाचतो. (आपल्यापैकी कोणाच्या मनात असा तास आला असेल, किंवा घरातल्या कोणाविषयी भीती वाटत असेल, तर रात्री-अपरात्री कधीही आमचे दार वाजवावे.)

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली काय झाले ते आपण विसरलेलो नाही. त्या वर्षी बीटी कपाशीवर शेंदरी बोंडअळी आली, माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली कपाशी, जोराचे पंप, दोन-तीन औषधांची मिसळ, उकाडा, आणि अंगावर उघडा सदरा. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मेलेल्यांत मजुरीने फवारणी करणारेही होते. ज्याचे शेत नाही, पीक नाही, नफ्यात वाटा नाही, त्याच्या फुफ्फुसात ते गेले. त्याही आधी, १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला जो वायू सुटला तो कीटकनाशक तयार करण्यासाठीच साठवलेला होता. ती २ डिसेंबरची रात्र म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची रात्र होती. एवढ्या मोठ्या घटना आपल्या बागेच्या कुंपणाशी आणून ठेवणे कोणाला अतिशयोक्ती वाटेल. पण आमच्या आवारात निंबाखाली जे घडले ते त्याच जातीचे होते. विष एकाने विकत आणले आणि अंगावर दुसऱ्याने घेतले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कीड मारण्याचा अधिकार माणसाला आहे का? आम्हांला वाटते, आहे. ढेकूण, मावा, अळी यांना मारू नये असे आपला धर्म सांगत नाही, आणि आम्हीही सांगणार नाही. ज्वारीच्या ताटावर बसलेली अळी आणि त्या ज्वारीवर अवलंबून असलेले घर यांत निवड करायची वेळ आली तर आम्ही घराच्या बाजूचे आहोत. पण 'कीड' हा शब्द नीट पाहिला पाहिजे. देवाने कीड म्हणून काही निर्माण केले नाही. किडा निर्माण केला. कीड हे नाव आपण आपल्या सोयीने ठेवले. संत ऑगस्टीनने हा भेद सोळाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवला आहे. वस्तूंची एक प्रतवारी त्यांच्या स्वभावानुसार असते, आणि दुसरी आपल्या उपयोगानुसार. जिवंत प्राणी निर्जीव वस्तूपेक्षा वरचा, हे आपण मान्य करतो. तरी घरात उंदीर असण्यापेक्षा भाकर असलेली बरी, असेच प्रत्येकाला वाटते. ऑगस्टीन यात दोष देत नाही. फक्त या दोन प्रतवाऱ्यांची गल्लत करू नका, एवढेच त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य. बेडूक, माश्या, किडे कशासाठी निर्माण झाले हे आपल्याला कळत नाही, अशी कबुलीही त्याने एके ठिकाणी दिली आहे. एवढ्या मोठ्या पंडिताची ही कबुली आम्हांला फार आवडते.

या संदर्भात एक जुनी हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. आताच्या फ्रान्समध्ये सेंट ज्युलियन नावाचे गाव आहे. तिथल्या द्राक्षमळ्यांवर सोंडे किडे पडले, तेव्हा गावकऱ्यांनी १५८७ साली त्या किड्यांवर धर्मसभेच्या न्यायालयात खटला भरला! किड्यांना वकील देण्यात आला. वकीलसाहेब कसलेले होते. त्यांनी बायबलच काढले: देवाने प्राणी माणसाच्या आधी निर्माण केले, त्यांना वाढण्याचा आशीर्वाद दिला आणि हिरवा पाला खायला नेमून दिला, मग माझ्या अशिलांचा गुन्हा कोणता? गावकऱ्यांच्या बाजूनेही युक्तिवाद झाला. शेवटी गावकऱ्यांनी गावाबाहेरचा एक जमिनीचा तुकडा किड्यांच्या नावे करून देऊ केला. वकिलाने तोही नाकारला, जमीन नापीक आहे म्हणून. निकाल काय लागला ते कळत नाही, कारण दप्तराचे शेवटचे पान उंदरांनी की किड्यांनी खाऊन टाकले आहे. आपण हसतो. पण त्या वेडगळ खटल्यात एक गोष्ट होती जी आमच्या कृषी केंद्रातल्या खरेदीत नव्हती. मारण्याआधी दुसरी बाजू कोणीतरी ऐकून घेतली होती.

संत थॉमस अक्विनास स्वसंरक्षणाविषयी लिहिताना एक बारीक गोष्ट सांगतो. हल्ला परतवताना हल्लेखोर मेला तर तो दोष नाही, कारण हेतू स्वतःचा जीव वाचवण्याचा होता. पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरले, तर तेच कृत्य गैर ठरते. हेतू चांगला असून भागत नाही, मापही बरोबर लागते. शेतकऱ्याला हे आम्ही शिकवावे असे नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची माणसे 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणतात ते हेच आहे: अळ्या मोजा, नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तरच फवारा, नाहीतर थांबा. आणि जास्वंदीच्या अकरा झाडांवर लाल त्रिकोणाची बाटली, हे माप कोणत्या तराजूत बसते? मधमाश्या मराव्यात असा आमचा हेतू नव्हता. काकांना त्रास व्हावा असा तर नव्हताच. पण हेतू नव्हता, एवढे म्हणून सुटका होत नाही. होऊ शकते हे दिसत होते, ते आम्ही पाहायचे टाळले. पापस्वीकाराच्या वेळी आपण केलेल्या गोष्टींबरोबर करायच्या राहिलेल्या गोष्टीही सांगतो. आम्ही त्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली नव्हती.

इथे शेतकरी बांधवांना एक सांगितले पाहिजे. हे लिहिताना आम्ही आपल्याकडे बोट दाखवत नाही. रिसोड-मालेगावकडे सोयाबीन आणि तूर, कारंजा-मानोऱ्याकडे कपाशी, यावर ज्याचे वर्ष चालते त्याने उद्यापासून सारे बंद करावे असे म्हणणे पगारी माणसाला सोपे असते. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खते व कीटकनाशके एका फटक्यात बंद केली. उत्पादन कोसळू लागले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली. ज्या देशाने अतिविषारी औषधे निवडून, वेळ घेऊन बंद केली आणि जीव वाचवले, त्याच देशाची ही दुसरी गोष्ट. दोन्ही ध्यानात ठेवाव्या. शेतातही वाट आहे. कामगंध सापळे, पक्षीथांबे, तुरीची झाडे पोत्यावर हलवून अळ्या पाडणे, हे आपल्यापैकी काही जण करतातच. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांच्यामुळे दशपर्णी अर्क हा शब्द घरोघरी गेला. त्यांचे सगळेच दावे आम्हांला पटतात असे नाही, पण शेतकऱ्याला आपल्या बांधावरच्या पाल्याकडे पुन्हा पाहायला लावले हे त्यांचे श्रेय. तरी शेतातला निर्णय ज्याच्या कर्जाचा, त्याचाच. बागेचे मात्र तसे नाही. बागेत कोणाचे पोट अडकलेले नाही. तिथे विष मारायला आमच्याजवळ सबब एकच होती, लोक काय म्हणतील.

मग आम्ही काय करतो? विशेष काही नाही. जिथे कीड फार, ती फांदी कापून साबणाच्या पाण्यात बुडवतो; कापून तिथेच टाकली तर कीड दुसऱ्या झाडावर चढते, हे अनुभवाने कळले. उरलेल्या झाडावर नळीने पाण्याचा जोराचा झोत. मावा आणि पिठ्या ढेकूण बरेचसे त्यानेच खाली येतात. खोडाला चिंधी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावतो, ते मुंग्यांसाठी. कारण मुंग्या या किडीच्या गुराखी आहेत. ढेकणाच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो; त्यासाठी त्या त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. पाने काळी पडतात तीही त्या चिकट्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे. मुंग्या अडवल्या की निम्मे काम होते.

त्यानंतर निंबोळी अर्क. ज्या निंबाखाली काका बसले होते त्याच्याच निंबोळ्या. जूनमध्ये पडतात त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवायच्या. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजत, सकाळी फडक्याने गाळून, त्यात साबणाचा चुरा चिमूटभर. फवारायचे दिवस मावळताना, कारण उन्हात अर्काचा गुण उतरतो आणि मधमाश्याही तोवर घरी गेलेल्या असतात. आधी दोन-चार पानांवर मारून पाहायचे. याने कीड पटकन मरत नाही. तिची भूक जाते, कात टाकता येत नाही, ती हळूहळू संपते. आठवड्याने पुन्हा मारावे लागते. उतावळ्या माणसाला हे औषध लागू पडत नाही, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. याच निंबाच्या तेलाचा बुरशीवरचा उपयोग म्हणजे नवा शोध, असे म्हणून एका अमेरिकी कंपनीने युरोपात पेटंट घेतले होते. ते २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. आपल्या आजीला विचारले असते तर पाच वर्षे वाचली असती.

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असेही समजू नये. तंबाखूचा काढा नैसर्गिकच आहे, पण त्यातले निकोटीन जहाल विष आहे. तो काढा आम्ही बागेत येऊ देत नाही. धोतऱ्याचेही तेच. काही अर्क करणारे त्यात धोतरा घालतात, त्यांनी मुलांपासून तो जपावा.

सगळ्यांत अवघड काम थांबण्याचे. डिसेंबरात जास्वंदीवर पुन्हा पांढरे दिसले, तेव्हा आम्ही चिमट्याने वेचायला बसलो. त्यांत काही पांढऱ्या, झालरीच्या, जरा मोठ्या अळ्या होत्या आणि त्या भराभर चालत होत्या. दहा-बारा चिरडल्यावर संशय आला. धर्मशिक्षणाच्या वर्गातला एक मुलगा शाळेतले पुस्तक घेऊन आला, आणि कळले की या ढालकिड्याच्या अळ्या, ढेकूण खाणाऱ्या. काही ढालकिड्यांची पिल्ले दिसायला हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच असतात. गव्हातले निदण उपटू नका, गहूही उपटला जाईल, असे प्रभूने दाखल्यात सांगितले आहे. त्यावर आम्ही कितीतरी वेळा प्रवचन केले असेल. कडक औषधाने नेमके हेच होते. खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघेही मरतात. कीड लवकर विणते आणि परत येते, तिला खाणारे मात्र उशिरा येतात. मग पहिल्यापेक्षा जास्त कीड, आणि तिच्यासाठी आणखी कडक बाटली. पपईवर आणि जास्वंदीवरही पडणारा एक परदेशी पिठ्या ढेकूण २००८ साली तमिळनाडूत आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पोचला. फवारण्या करकरून लोक थकले. २०१० साली बंगळुरूच्या संशोधन संस्थेने त्याच्या मूळ प्रदेशाकडून डोळ्यालाही धड न दिसणाऱ्या गांधीलमाश्या आणून सोडल्या. त्या ढेकणाच्या पोटात अंडी घालतात. काही महिन्यांत बागा मोकळ्या होऊ लागल्या. माणसाला त्या चावतही नाहीत.

काका फेब्रुवारीपासून पुन्हा कामावर येतात. पंप त्यांनी स्वतःच कोठीत उलटा करून ठेवला आहे. त्यांचा पगार वाढवला, पण त्याने ते दोन दिवस भरून निघत नाहीत हे आम्हांला कळते. कढीपत्त्याच्या एका झाडाला ते हात लावत नाहीत. त्याच्यावर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या असतात, चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "एक झाड त्यायचं, फादर. बाकीचे आपले." सेंट ज्युलियनची गोष्ट आम्ही त्यांना कधी सांगितली नव्हती.

महिला मंडळाने यंदा निंबोळ्या वेचायचे मनावर घेतले आहे. मिरगाच्या पहिल्या सरीआधी, दुसऱ्या मिस्सानंतर, पोती आणि केरसुण्या घेऊन निंबाखाली जमावे. ज्यांच्या घरी लाल त्रिकोणाची अर्धी उरलेली बाटली आहे, त्यांनी ती गटारात, विहिरीत ओतू नये आणि जाळूही नये. कुलपात ठेवावी आणि करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला विचारून पुढचे करावे. आमच्या कपाटातलीही अजून तशीच आहे.